निर्वासिताने फेडलेले ऋण

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीकडे येताना सीमेन्सचा कारखाना लागतो. या परिसरातील अनेक कुटुंबांना जर्मनीची पहिली ओळख झाली ती येथल्या विजेच्या यंत्रसामग्रीतून आणि त्या यंत्रांनी दिलेल्या रोजगारातून. जर्मन भाषिक जगाकडून महाराष्ट्राला भांडवल मिळाले, यंत्रे मिळाली, तंत्रज्ञान मिळाले. या सर्वांची नोंद कंपन्यांच्या ताळेबंदांत आणि सरकारी अहवालांत होत असते. परंतु त्याच जगाने १९३३ ते १९३९ या काळात आपल्या सीमेबाहेर हाकलून दिलेली काही माणसेही मुंबईला मिळाली. त्यांनी बरोबर भांडवल आणले नव्हते. त्यांच्यापाशी होते ते त्यांचे ज्ञान आणि आपले घर हरवल्याचे दुःख. त्यांच्यापासून या शहराला काय लाभले याची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही.

वॉल्टर लँगहॅमर हे अशा माणसांपैकी एक. जन्माने ऑस्ट्रियन, भाषेने जर्मन, वृत्तीने चित्रकार आणि पेशाने चित्रकलेचे शिक्षक. भारतीय आधुनिक चित्रकलेचा इतिहास लिहिणारा कोणीही त्यांचे नाव टाळू शकत नाही. परंतु हुसेन, रझा, आरा ही नावे ज्यांच्या ओठांवर असतात त्या सामान्य वाचकाला मात्र हे नाव बहुधा अपरिचितच असते. शिक्षकाच्या वाट्याला येणारे हे विस्मरण नवे नाही. तरीही त्यांचे चरित्र आज मुद्दाम आठवावे असे आहे, आणि त्याचे कारण केवळ कृतज्ञता हे नव्हे. परका माणूस शहरात आला म्हणजे तो आपल्या ताटातील घास घेतो की ताटात भर घालतो, आणि शाळेतील चित्रकलेचा तास ही चैन आहे की गरज, हे दोन्ही प्रश्न आजही तितकेच जिवंत आहेत. लँगहॅमर यांचे आयुष्य या दोन्ही प्रश्नांना उत्तर देते.

व्हिएन्नातील शिक्षक

लँगहॅमर यांचा जन्म १९०५ साली ऑस्ट्रियातील ग्राझ या शहरी झाला. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. युद्ध संपले आणि ज्या साम्राज्यात त्यांचा जन्म झाला ते साम्राज्य नकाशावरून पुसले गेले, तेव्हा ते जेमतेम तेरा वर्षांचे होते. ऑस्ट्रिया हे एक लहानसे, दरिद्री झालेले प्रजासत्ताक उरले. त्याची राजधानी व्हिएन्ना मात्र बुद्धीने आणि कलेने तशीच श्रीमंत राहिली. तेथील ललितकला अकादमीत लँगहॅमर यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे त्याच शहरात ते चित्रकला शिकवू लागले.

त्या काळचे व्हिएन्ना हे शिक्षकासाठी अपूर्व शहर होते. समाजवादी विचारांच्या नगरपालिकेने कामगारांसाठी हजारो घरे बांधली होती आणि शाळांमधून घोकंपट्टी हद्दपार करण्याचा मोठा प्रयोग चालविला होता. फ्रान्झ चिझेक या शिक्षकाने लहान मुलांना नमुन्याबरहुकूम नक्कल करावयास न लावता स्वतःच्या कल्पनेने चित्रे काढू देण्याची पद्धत याच शहरात रुजविली होती, आणि ती पाहण्यास देशोदेशीचे शिक्षक येत असत. ऑस्कर कोकोश्कासारख्या चित्रकाराने रंगांना निव्वळ वर्णनाच्या कामातून मोकळे केले होते. वस्तूचा रंग कोणता आहे यापेक्षा ती वस्तू पाहताना मनात काय उसळते, हे सांगण्याचे काम रंगाकडे आले होते. लँगहॅमर यांच्या कुंचल्यावर या रंगदृष्टीचा ठसा अखेरपर्यंत राहिला.

लँगहॅमर स्वतः समाजवादी विचारांकडे झुकलेले होते. त्यांच्या पत्नी केटे या राजकीयदृष्ट्या अधिक जागरूक, डाव्या विचारांच्या आणि ज्यू कुटुंबातील होत्या. १९३४ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियातील समाजवाद्यांचा उठाव तोफा डागून चिरडण्यात आला आणि त्यांच्या पक्षावर बंदी आली. या दांपत्याच्या पायाखालची वाळू तेव्हाच सरकू लागली होती. १२ मार्च १९३८ रोजी हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि एक संपूर्ण देश जर्मनीत विलीन झाला. काही आठवड्यांतच ज्यूविरोधी कायदे तेथे लागू झाले. ज्यू नोकरांना तर काढलेच, परंतु ज्यू स्त्रीशी विवाह केलेल्या सरकारी नोकरांनाही सेवेतून दूर करण्याचे नियम निघाले.

त्या राजवटीने अशा पुरुषांसाठी एक पळवाट मात्र उघडी ठेवली होती. पत्नीला घटस्फोट दिला की नोकरी, मान आणि घर सुरक्षित राहू शकत होते. अनेकांनी ती वाट धरली. भयाच्या काळात माणसे काय करतात याचा निवाडा सुरक्षित जागी बसून करू नये हे खरे. परंतु ज्यांनी ती वाट धरली नाही त्यांची नोंद तरी अवश्य करावी. लँगहॅमर यांनी पत्नीची साथ सोडली नाही, देश सोडला. हा निर्णय घेतला तेव्हा त्यांचे वय ३३ वर्षांचे होते.

बंद दरवाज्यांचे वर्ष

देश सोडणे ही एक गोष्ट, आणि दुसऱ्या देशात पाऊल ठेवावयास मिळणे ही दुसरी. १९३८ च्या जुलै महिन्यात फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधी या निर्वासितांचा विचार करण्यासाठी जमले होते. सहानुभूतीची भाषणे भरपूर झाली, पण दरवाजे फारसे कोणी उघडले नाहीत. अनेक राष्ट्रांचे कारण एकच होते: आमच्याकडे आधीच बेकारी आहे.

हिंदुस्थानातील ब्रिटिश सरकारही अशा माणसांना सहजासहजी येऊ देत नसे. येणाऱ्याचा भार सरकारवर पडणार नाही अशी कोणाची तरी हमी अथवा नोकरीचे आश्वासन त्यास लागे. राष्ट्रीय चळवळीतही या विषयावर एकमत नव्हते. आपलेच सुशिक्षित तरुण बेकार असता परक्यांना कशाला आणावयाचे, असा एक सूर होता. दुसरीकडे, कुशल आणि विद्वान निर्वासितांचा देशाच्या उभारणीत उपयोग करून घ्यावा असे जवाहरलाल नेहरूंचे मत होते. यातील पहिला सूर हृदयशून्य होता असे म्हणता येणार नाही. मंदीच्या त्या दशकात पदवीधर तरुणांची स्थिती खरोखरच हलाखीची होती.

अशा वर्षी लँगहॅमर दांपत्य मुंबईस पोहोचले. वॉल्टर यांना टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागाचे प्रमुखपद मिळाले. बोरीबंदर स्थानकासमोरील टाइम्सची इमारत आणि तिच्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर असलेले सर जे. जे. कलाविद्यालय यांच्यामध्ये पुढील जवळजवळ दोन दशके हा माणूस एका पुलासारखा उभा राहावयाचा होता, हे तेव्हा कोणाच्याही ध्यानी येणे शक्य नव्हते.

मुंबईत आले म्हणजे संकट टळले असेही नव्हे. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाले आणि ऑस्ट्रियाचे निर्वासित एका रात्रीत कागदोपत्री शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ज्या हिटलरपासून जीव वाचवून ते पळाले, त्याचेच प्रजाजन म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाऊ लागले. जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले. बॉम्बे टॉकीजचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टन आणि छायालेखक योसेफ विर्शिंग यांनाही चित्रपट अर्धवट टाकून स्थानबद्धतेत जावे लागले. पुढे चौकशी होऊन नाझींचे विरोधक आणि ज्यू निर्वासित यांपैकी बहुतेकांची सुटका झाली. परंतु हालचालींवर नजर, पोलिसांकडे हजेरी आणि शेजाऱ्यांचा संशय यांचे सावट युद्धाची सहा वर्षे या लहानशा समूहावर राहिलेच. युरोपात मागे राहिलेल्या आप्तांचे काय झाले असेल ही चिंता वेगळीच. या पार्श्वभूमीवर त्यांतील काहींनी मुंबईत काय केले हे पाहिले की मन थक्क होते. वॉल्टर कॉफमन यांनी आकाशवाणीच्या संगीतविभागात काम केले, हिल्डे होल्गर या व्हिएन्नाच्या नर्तकीने येथे नृत्यशाळा काढली आणि लँगहॅमर यांनी चित्रकारांची एक पिढी घडविण्यास हातभार लावला.

छापखान्यातील चित्रकार

टाइम्सच्या कलाविभागाचे काम म्हणजे काही केवळ सौंदर्यसाधना नव्हती. दैनिक, इलस्ट्रेटेड वीकली आणि वार्षिक अंक यांची सजावट, मुखपृष्ठे, जाहिरातींची मांडणी, छायाचित्रांची निवड आणि रंगीत छपाईची देखरेख अशी ती रोजची रखडपट्टी होती. प्रत्येक गोष्ट घड्याळाच्या काट्यावर पूर्ण व्हावी लागे. चित्रकार म्हणून ज्याला स्वतःच्या कॅनव्हासची ओढ आहे त्याला अशी नोकरी जाचक वाटणे स्वाभाविक. परंतु या नोकरीने लँगहॅमर यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे स्थिर उत्पन्न आणि प्रतिष्ठा, ज्यांच्या बळावर ते इतरांना मदत करू शकले. दुसरी म्हणजे चित्र हजारो घरांत पोहोचविण्याचे साधन.

या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व आज चटकन ध्यानी येत नाही. त्या काळी चांगले रंगीत मुद्रण दुर्मीळ होते. मराठीत दीनानाथ दलाल यांच्यासारख्यांनी मासिकांची मुखपृष्ठे हे सामान्य माणसाचे कलादालन बनविले ते याच सुमारास. जो वाचक प्रदर्शनाची पायरी कधी चढणार नाही त्याच्या हातात अंकाबरोबर चित्र जाते आणि त्याची नजर घडविते, हे सामर्थ्य छापखान्याचे आहे. १९४७ साली आर. के. लक्ष्मण टाइम्समध्ये दाखल झाले तेव्हा तेथील कलाविभागाची धुरा लँगहॅमर यांच्याकडेच होती. वृत्तपत्रातील चित्र हे मजकुराचे शेपूट नसून स्वतंत्र विधान असते, ही जाण असलेल्या माणसाच्या हाती तो विभाग होता, ही गोष्ट मराठी-इंग्रजी दोन्ही वृत्तपत्रसृष्टींच्या दृष्टीने सुदैवाची ठरली.

नेपियन सी रोडवरील शाळा

खरे अध्यापन मात्र कार्यालयाबाहेर चालत असे. नेपियन सी रोडवरील लँगहॅमर यांचे घर व स्टुडिओ हे तरुण चित्रकारांचे जमण्याचे ठिकाण झाले. सुटीच्या दिवशी तेथे चित्रे मांडली जात, त्यांवर चर्चा होई, आणि युरोपातील आधुनिक चित्रांच्या रंगीत प्रतिकृती पाहावयास मिळत. केटे या घराच्या केवळ यजमानीण नव्हत्या. त्यांच्या राजकीय आणि सांस्कृतिक जाणिवेमुळे तेथील बोलणे चित्राच्या चौकटीपुरते राहत नसे.

त्यावेळच्या मुंबईतील कलाशिक्षणाची स्थिती ठाऊक असल्याखेरीज या बैठकींचे मोल कळणार नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. कलाविद्यालयाने महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारखे थोर चित्रकार घडविले होते. सावळाराम हळदणकर, एम. आर. आचरेकर यांच्यासारख्यांच्या हातात यथार्थदर्शी चित्रणाचे आणि जलरंगाचे जे कौशल्य होते ते कोणत्याही देशास अभिमानास्पद वाटावे असे होते. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत प्राचीन भारतीय शैलीच्या पुनरुज्जीवनाचा प्रवाह आला. त्यांच्यामागून आलेले चार्ल्स जेरार्ड आधुनिकतेला अनुकूल होते. तरीही सेझान, व्हॅन गॉग, मातीस यांनी रंग आणि आकार यांचे काय केले हे डोळ्यांनी पाहण्याची सोय विद्यार्थ्याला जवळजवळ नव्हती. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये टाटा घराण्याने दिलेली युरोपीय चित्रे होती, परंतु ती जुन्या परंपरेतील. ज्या क्रांतीविषयी तरुण नुसते ऐकून होते तिची चांगली प्रतिकृती पाहावयास मिळणे हीच मोठी पर्वणी होती.

या घरी येणाऱ्यांत सय्यद हैदर रझा होते. मध्य प्रांतातल्या एका वनरक्षकाचा हा मुलगा नागपूरच्या कलाशाळेतून मुंबईस आला होता. दिवसा ठसे तयार करणाऱ्या एका स्टुडिओत राबावे आणि उरलेल्या वेळात मुंबईच्या गल्ल्यांची, पावसाची, गर्दीची चित्रे काढावीत असा त्याचा क्रम. रंग एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे ते एकमेकांना कसे पेटवितात अथवा विझवितात, हे या तरुणाने लँगहॅमर यांच्याजवळ समजून घेतले. कृष्णाजी हौलाजी आरा यांची कहाणी तर याहून हृद्य. सिकंदराबादजवळच्या बोलारममध्ये जन्मलेला, बालपणीच घर सोडून मुंबईस आलेला, लोकांच्या घरी नोकर म्हणून राबलेला, मोटारी धुणारा आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेला हा माणूस. त्याच्या चित्रांतील ताकद टाइम्सचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि लँगहॅमर यांनी ओळखली. केतकरांच्या कलासंस्थेत त्यांना काही काळ शिकावयास मिळाले. १९४४ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात आरांच्या मराठ्यांच्या लढाईवरील चित्राला गव्हर्नरांचे पारितोषिक मिळाले. मोटारी धुणाऱ्या हातांना ज्यांनी कुंचला धरण्यास धीर दिला त्यांत एक परदेशी निर्वासित होता.

१९४७ साली फ्रान्सिस न्यूटन सोझा यांच्या पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सोझा, रझा, आरा, मकबूल फिदा हुसेन, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे असे त्याचे सहा सभासद. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातला एक, दोघे मुसलमान, आणि बाकीच्या तिघांत मोटार धुणारा एक नि अमरावती जिल्ह्यातील विज्ञान पदवीधर एक, असा हा मेळ. १९४९ च्या जुलैमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. लँगहॅमर या गटाचे सभासद नव्हते, त्याचे पुढारीही नव्हते. बंड करणाऱ्यांचे नेतृत्व शिक्षकाने करावयाचे नसते, बंड करण्याजोगी दृष्टी देऊन बाजूला व्हावयाचे असते, हे तारतम्य त्यांच्यापाशी होते.

शिक्षक, समीक्षक आणि ग्राहक

या घटनेकडे अर्थशास्त्राच्या अंगानेही पाहता येते. नव्या कलेला बाजारपेठ नसते. ग्राहकाला ती समजत नाही म्हणून तो घेत नाही. घेत नाही म्हणून चित्रकार उपाशी राहतो. आणि उपाशी चित्रकार एक तर जुन्या पद्धतीकडे वळतो किंवा कुंचला ठेवून कारकुनी करू लागतो. हे दुष्टचक्र भेदण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी उपलब्ध व्हाव्या लागतात: कसब वाढविणारा शिक्षक, लोकांना समजावून सांगणारा समीक्षक आणि पहिला धोका पत्करणारा ग्राहक. मुंबईच्या भाग्याने या तिन्ही भूमिका पार पाडणारी माणसे एकाच वादळाने येथे आणून टाकली.

लँगहॅमर हे शिक्षक. समीक्षक होते फॉन लायडन. बर्लिनमध्ये १९०८ साली जन्मलेला हा भूगर्भशास्त्रज्ञ १९३३ मध्ये मुंबईस आला, आणि वृत्तपत्रातून चित्रकलेवर लिहून त्याने वाचकांची अभिरुची घडविली. पुढे सावंतवाडीसारख्या ठिकाणच्या गंजिफांचा त्याने केलेला अभ्यास जगभर मान्यता पावला. आपल्याच दाराशी असलेल्या या कलेचे मोल आपल्याला परक्याने सांगावे, यात आपल्यासाठीही एक धडा आहे. ग्राहक होते एमॅन्युएल श्लेसिंगर, व्हिएन्नाहून आलेले आणि मुंबईत औषधांच्या धंद्यात स्थिरावलेले उद्योजक. तरुणांची चित्रे ते नियमाने विकत घेत. त्यांनी मोजलेल्या रकमा आज क्षुल्लक भासतील. परंतु ज्या महिन्यात रंगांच्या नळ्या आणि खोलीचे भाडे यांतून एकाचीच निवड करावयाची असते, त्या महिन्यात आलेले शंभर रुपये पुढील काळातील लाखांहून मोलाचे ठरतात.

मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात १३७ लाख डॉलरांहून अधिक किमतीस, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपयांस गेले. वृत्तपत्रांनी ती बातमी ठळकपणे छापली. या किमतीत शिक्षक, समीक्षक आणि पहिला ग्राहक यांचा वाटा किती, हा हिशेब कोणी मांडला नाही आणि तो मांडता येण्याजोगाही नाही. शिक्षणाचा लाभ हा नेहमीच असा दुसऱ्याच्या खात्यावर, फार उशिरा आणि शिक्षकाचे नाव न घेता जमा होत असतो. त्यामुळेच केवळ बाजाराच्या भरवशावर शिक्षण सोडणारा समाज शेवटी दिवाळखोर ठरतो.

एका आक्षेपाचा विचार

या तिघांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. युरोपीय माणसांनी आपल्या आवडीनिवडी भारतीय तरुणांवर लादल्या, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या देशाची चित्रकला पॅरिस-व्हिएन्नाच्या मागे नेली, असे काही अभ्यासक म्हणतात. ज्यांच्या हाती वृत्तपत्र आणि पैसा होता त्यांची पसंती ही निव्वळ सल्ला राहत नाही. ती एक सत्ताच असते. या पसंतीत न बसलेले, उत्तम पण यथार्थदर्शी काम करणारे कितीतरी मराठी चित्रकार त्या काळात जुनाट ठरविले गेले हेही नाकारता येत नाही.

आक्षेपात तथ्यांश आहे. पण शिक्षकाची परीक्षा शिष्यांच्या पहिल्या चित्रांवरून न करता अखेरच्या चित्रांवरून करावी. लँगहॅमर यांनी आपली शैली लादली असती तर त्यांच्या परिचयातील सर्वांची चित्रे एकाच वळणाची दिसली असती. प्रत्यक्षात काय झाले? रझा पॅरिसला गेले आणि अनेक दशकांच्या प्रवासानंतर बिंदूपाशी, म्हणजे बालपणी शिक्षकाने भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्यापाशी परतले. हुसेन खेड्यातील स्त्री, घोडा आणि पुराणकथा यांत रमले. आरांनी फुलदाण्या आणि घरगुती वस्तू यांना प्रतिष्ठा दिली. गाडे भूदृश्यांच्या भौमितिक रचनेत शिरले. सहा जणांच्या सहा वाटा झाल्या. रंगांचे व्याकरण शिकविणे वेगळे आणि काय बोलावे हे पढविणे वेगळे. पहिल्याला शिक्षण म्हणतात, दुसऱ्याला प्रचार. प्रचाराच्या राज्यातून पळून आलेल्या माणसाला हा फरक पुस्तकात शोधावा लागला नसणार.

दुसरेही एक तारतम्य ध्यानी घ्यावे. मुंबईत यापूर्वीही युरोपीय कलाशिक्षक आले होते. लॉकवुड किपलिंगपासून सॉलोमनपर्यंत सारे राज्यकर्त्यांच्या सेवेत आले, आणि त्यांच्यापाशी अधिकार होता. लँगहॅमर अधिकारपदावर असले तरी राज्यकर्त्यांचे नव्हते. युद्धकाळात तर त्यांच्यावर राज्यकर्त्यांचाच संशय होता. त्यांच्या घराचा उंबरठा ओलांडणाऱ्या आरासारख्या माणसाला बहुधा हे जाणवत असावे की येथे उपकारकर्ता आणि याचक अशी भेट नसून, दोन बेघरांची भेट आहे.

दुसरे स्थलांतर

१९५० नंतर मुंबईचे चित्र बदलत गेले. सोझा १९४९ मध्ये लंडनला आणि रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले. बाकरेही परदेशी गेले. १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. १९५४ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय आणि ललित कला अकादमी स्थापन झाली. १९५६ च्या सुमारास प्रोग्रेसिव्ह ग्रुपही विसर्जित झाला. जे काम एका घराच्या दिवाणखान्यात चालत होते ते आता संस्थांकडे आले होते. शिक्षकाच्या दृष्टीने याहून समाधानाची गोष्ट कोणती?

१९५७ साली लँगहॅमर दांपत्याने मुंबईचा निरोप घेतला आणि ते युरोपात परतले. वयाची तिशी ओलांडल्यावर एक शहर सोडून आलेल्या माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर दुसरे शहर सोडले. १९७७ साली त्यांचे निधन झाले. स्वतः चित्रकार म्हणून त्यांचे नाव फारसे उरले नाही, ही गोष्ट कठोर असली तरी खरी आहे. त्यांच्या भारतातील दृश्यचित्रांत आणि व्यक्तिचित्रांत रंगांचा जोम आहे. पण ज्यांना त्यांनी मार्ग दाखविला ते त्यांच्या फार पुढे गेले. ज्याला हे सलते तो चांगला शिक्षक होऊ शकत नाही.

आजचा प्रश्न

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले. ऐरोली, दिवे, रबाळे येथील आगरी-कोळी कुटुंबांच्या जमिनींवर हे शहर वसले, आणि महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांतून व अन्य प्रांतांतून माणसे येथे येऊन राहिली. येथे मूळचे कोण आणि आलेले कोण, हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांचे हक्क आधी पाहिले पाहिजेत, यात शंका नाही. पण आलेला प्रत्येक माणूस म्हणजे एक रिकामे तोंड, हे गणित मात्र चुकीचे आहे. तोंडाबरोबर दोन हात येतात आणि कधी कधी त्या हातांत असे कसब असते की ते संपूर्ण शहराची नजर बदलते. १९३८ साली मुंबईने एका चित्रकला शिक्षकाला दार नाकारले असते तर जे. जे. मधून बाहेर पडलेल्या एखाद्या पदवीधराला एक नोकरी मिळाली असती. पण पुढे अनेकांना ज्या वाटा खुल्या झाल्या त्यांतील काही उघडल्याच नसत्या. एव्हियाँ येथे जमलेल्या ३२ राष्ट्रांना हा हिशेब मांडता आला नाही.

दुसरा प्रश्न शाळांचा. ऐरोलीतील मुले आजही महाराष्ट्रभरच्या मुलांप्रमाणे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेत कलाशिक्षणासाठी शिक्षक असावा असे म्हटले. पण तो अंशकालीन असला तरी चालेल असेही त्यातच म्हटले. या एका शब्दात आपला सारा दृष्टिकोन आला आहे. गणिताचा शिक्षक पूर्णवेळ, चित्रकलेचा फावल्या वेळचा. खर्चात काटकसर करावयाची झाली की कात्री प्रथम याच तासावर चालते, आणि पालकही या विषयाकडे दहावीच्या वाढीव गुणांपुरतेच पाहतात.

प्रत्येक शाळेतून रझा निघणार नाही. निघावा अशी अपेक्षाही नाही. पण रंग, आकार आणि प्रमाण यांची जाण ही केवळ चित्रकाराची गरज नव्हे. घर बांधणारा, कापड विणणारा, यंत्राचा आराखडा काढणारा, संगणकाच्या पडद्यावर मजकूर मांडणारा, या सर्वांच्या कामात ती उतरते. ज्या ऐरोलीत एका बाजूस कारखाने आणि दुसऱ्या बाजूस संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, तेथे तरी हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी येत्या वर्षाचे वेळापत्रक ठरविताना चित्रकलेचा तास कोणाला दिला आहे, तो प्रत्यक्ष होतो की इतर विषयांच्या शिकवणीसाठी वापरला जातो, एवढे जरी विचारले तरी पुष्कळ होईल.

एका राजवटीने चित्रकलेच्या एका शिक्षकाला अनावश्यक ठरवून घालवून दिले. त्याचा लाभ सात समुद्रांपलीकडच्या शहराला झाला. आपल्या शाळांतून आपणच हे शिक्षक अनावश्यक ठरवीत गेलो, तर त्यांना ठेवून घेण्यास दुसरे कोणते शहर पुढे येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तोटा आपल्याच मुलांचा होणार आहे आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही.